कट काढलेलं वरण

भाऊजी : वहिनी, डाळ बंद करा, एवढंच माझं म्हणणं आहे. किडनी निम्म्याहून जास्त गेलेल्या माणसाच्या ताटात रोज वरण वाढणं मला पटत नाही. तुरीच्या किंवा मुगाच्या १०० ग्रॅम कोरड्या डाळीत हजार मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं. धडधाकट किडनी ते लघवीवाटे काढून टाकते. दादांची किडनी ते पुरेसं काढत नाही, म्हणून ते रक्तात साठतं. साठलेलं पोटॅशियम दुखत नाही, खुपत नाही. ते एकदम हृदयाचे ठोके बिघडवतं, आणि कधी कधी पहिली खूण हीच शेवटची ठरते. त्यात डाळीचं प्रोटीन, म्हणजे युरियाचा भार. वर फॉस्फरस. ज्या तीन गोष्टींची धास्ती घ्यायची, त्या तिन्ही एकाच वाटीत आहेत. बटाटा सोडला, टोमॅटो सोडला, नारळपाणी सोडलं. मग डाळ सोडायलाच एवढं जड का जातं?

वहिनी : बटाटा सोडला तर दुसरी भाजी करता येते. डाळ सोडली तर आपल्या ताटात तिच्या जागी ठेवायला काही उरत नाही, म्हणून जड जातं. शेतं सोयाबीनची आहेत, पण ते सगळं मोंढ्यावर जातं, चुलीवर येत नाही. दूध डेअरीला घालतो, घरी वाटीभर दह्यापुरतंच राहतं. घरात तुळशीची माळ आहे, त्यामुळे अंडं-मटण नाही. नर्सी नामदेवच्या पंचक्रोशीत अशी घरं काही थोडी नाहीत. मग अंगाला लागेल असं काय राहिलं? भाकरी आणि वरण. तुम्ही प्रोटीनचा भार म्हणता, तो खोटा नाही. पण किडनीचे डॉक्टर जगभर ज्या मार्गदर्शक सूचना मानतात, त्या केडीआयजीओच्या २०२४ च्या सूचनांतही प्रोटीन बंद करा असं नाही. आजार मध्यम टप्प्याच्या पुढे गेला आणि डायलिसिस सुरू नसेल, तर वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८ ग्रॅम प्रोटीन असावं असं त्यात आहे. हे ६० किलोचे आहेत. म्हणजे ४८ ग्रॅम. चार भाकऱ्यांतून साधारण २६ ग्रॅम जातं, वाटीभर दह्यातून पाचेक. दोन वेळची मिळून ६० ग्रॅम कोरडी डाळ घेतली तर तिचे १४. झाले ४५. भाजीचं थोडं धरलं की ४८ ला पोचतो. आता यातली डाळ काढा. ३१ वर येतो, फार तर ३३-३४. असं वर्षभर चाललं की माणसाचे दंड झडतात, पाय लटपटतात. आणि गावात म्हणतात, किडनीनं खाल्लं. त्यातलं किती किडनीनं खाल्लं आणि किती आपल्या पथ्यानं, हे कोण बघतं?

भाऊजी : हिशोब चोख आहे, पण तो काठोकाठ आहे, हे तुमच्याच तोंडून आलं. एक भाकरी जास्त झाली, लेकीनं प्रेमानं आणखी अर्धी वाटी वाढली, की गेला हिशोब. भाकरीतही पोटॅशियम असतंच, भातापेक्षा कितीतरी जास्त. ते तुम्ही धरलं नाही. डॉक्टर सरसकट ‘डाळ बंद’ का सांगतात? त्यांना ०.८ माहीत नाही असं नाही. त्यांच्यासमोर दिवसाला शंभर पेशंट येतात आणि प्रत्येकाच्या घरातली वाटी वेगळी असते. आपल्याकडे ‘थोडं खा’ या शब्दाला माप नाही. थोडं म्हणजे कुणाला चमचा, कुणाला वाटगा. ‘बंद’ म्हटलं की निदान सगळ्यांना एकच कळतं. हजारांसाठी केलेला नियम एका घराला थोडा जाचक होणारच. तो मोडायचा तर मोडणाऱ्याकडे काटा पाहिजे, वही पाहिजे, आणि दर महिन्याला रक्त तपासायची तयारी पाहिजे.

वहिनी : काटा किराणा दुकानात आहे. मी ३० ग्रॅम डाळ तिथं तोलून घेतली आणि ती आमच्या कोणत्या वाटीत कुठवर येते ती रेघ धरून ठेवली. माप कोरड्या डाळीचं घ्यायचं, शिजलेल्या वरणाचं नाही. वरण पातळ-घट्ट होतं, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण भाऊजी, मापापेक्षा मोठी गोष्ट पाण्याची आहे. पोटॅशियम पाण्यात विरघळतं. डाळ धुवायची, कोमट पाण्यात दोन-तीन तास भिजवायची, ते पाणी ओतून द्यायचं. मग मोठ्या पातेल्यात, डाळीच्या आठ-दहा पट पाणी घेऊन, झाकण न लावता उकळायची. डाळ बोटाला मऊ लागली की पाणी निथळून काढायचं. त्या पाण्याबरोबर पोटॅशियम बरंचसं जातं, निम्म्यापर्यंतही उतरू शकतं. प्रोटीन मात्र बहुतेक डाळीतच राहतं. उरलेली डाळ घोटून तिच्यात ताजं गरम पाणी घालायचं. तेलात मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, एखादी मिरची, चिमूटभर हळद. मीठ मोजून. वरून लिंबाचे चार थेंब. चिंच-गूळ नाही, टोमॅटो नाही, शेंगदाण्याचं कूट नाही, येसर मसाला नाही.

भाऊजी : आणि याला वरण म्हणायचं? आपल्याकडे लग्नातली येसर आमटी लोकांच्या जिभेवर वर्षभर राहते. चिंच-गूळ काढला, कूट काढलं, डाळीचं पाणीही ओतून दिलं. चव कुठं राहिली? चव गेली की माणूस चोरून खातो. समोर पथ्याचं खातो आणि शेतात आखाड्यावर दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं खातो. मग तुमचं मोजलेलं मीठ कशाला धरायचं?

वहिनी : चव फोडणीत आहे. लसूण थोडा जास्त लाल होऊ दिला, जिरं भरडून घातलं, लिंबू ताटात पिळलं, तर मिठाची आठवण निम्मी होते. पण पाणी ओतून देण्याबद्दल तुम्ही जे बोललात, ते मला सोडायचं नाही. डाळ उकळून तिचं पाणी काढायचं, हे कुण्या आहारतज्ज्ञानं आपल्याला पहिल्यांदा शिकवलं नाही. पुरणाची डाळ शिजवताना आपण काय करतो? भरपूर पाण्यात हरभऱ्याची डाळ शिजवतो, रोळीत निथळतो, डाळीचं पुरण करतो आणि निथळलेल्या पाण्याची, म्हणजे कटाची, आमटी. होळीला, पोळ्याला घरोघरी हेच होतं. आपल्या हाताला हे काम ठाऊक आहे, फक्त ते तुरीच्या डाळीला रोज लावायचं. आणि कट ओतून द्यायचा नाही. एकाच पातेल्यात सगळ्यांची डाळ शिजते. निथळलेली डाळ यांच्या वाटीला जाते, कट आणि बाकीची डाळ मिळून घरच्यांची आमटी होते. तिच्यात चिंच घाला, गूळ घाला, येसर घाला. वेगळी चूल नको, वेगळा बाजार नको.

भाऊजी : हे मला आवडलं, पण यातच एक भलती भीती आहे, ती सांगतो. आपल्याकडे आजारी माणसाला काय देतात? डाळीचं पाणी. ताप आला, बाळंतीण झाली, ऑपरेशन झालं, की वरणावरचं निवळ पाणी, वर चमचाभर तूप. हलकं असतं म्हणून. किडनीच्या पेशंटलाही आत्या-मावश्या तेच पाजतात. डाळ जड, पाणी हलकं. तुमच्या सांगण्याप्रमाणे बघितलं तर उलटंच झालं. जे काढून टाकायचं ते पेशंटच्या पोटात, आणि अंगाला लागणारं जे आहे ते पातेल्याच्या तळाशी. तुम्हाला हे कळतं, पण तुम्ही दोन दिवस माहेरी गेलात तर घरात कोणाला कळेल? दादांच्या वाटीत चुकून आमटी पडली तर? दोन वाटण्या एकाच पातेल्यातून निघतात, रंगही एकच.

वहिनी : खरं आहे. हलकं-जड ही आपली जुनी विभागणी पोटासाठी चांगली आहे. किडनीला ती लागू होत नाही, हे आम्हाला दवाखान्यात कोणी समजावलं नव्हतं. ‘डाळ बंद’ असं लिहून दिलं होतं. आता बघा, ‘डाळ बंद’ ऐकलेली बाई काय करते? डाळ बंद करते आणि डाळीचं पाणी चालू ठेवते, कारण तिच्या दृष्टीनं ते डाळ नाही. त्या एका नियमानं तुम्ही म्हणता तशी सगळ्यांची समजूत एक होत नाही. घराघरातली समजूत वेगळी राहते, फक्त ती डॉक्टरांपर्यंत पोचत नाही.

भाऊजी : हे मान्य. मग उलट बाजूनंही बघू. अर्धवट माहितीनं घरात काय काय चालतं ते तुम्ही जाणता. हुलग्याचं कढण घ्या. मुतखड्यावर हुलगे चांगले, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. किडनीचं काही निघालं की शेजारीपाजारी पहिला उपाय तोच सांगतात. मुतखडा वेगळा आणि किडनी निकामी होणं वेगळं. एकात पाणी भरपूर प्यायचं, दुसऱ्यात पुढच्या टप्प्यावर पाणीसुद्धा मोजून. कढण म्हणजे हुलगे उकळून उकळून त्यातलं सगळं पाण्यात उतरवायचं आणि तेच प्यायचं! मिठाचंही तसंच. सैंधव चालतं म्हणून लोक सैंधव घालतात. तेही बहुतांश सोडियमच आहे. त्याहून वाईट ते ‘कमी सोडियम’वालं मीठ. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपीवाल्या धडधाकट माणसाला ते बरं, पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ च्या सूचनांत किडनीच्या पेशंटना त्यातून स्पष्ट वगळलंय. पुडक्यावर हृदयाचं चित्र बघून घरचं माणूस तेच आणतं. तुम्ही मेहनतीनं कटातून पोटॅशियम काढायचं, आणि मिठातून ते परत घालायचं.

वहिनी : हळदीचं पण सांगायला हवं. ते मी सांगते, कारण त्यावर बोलायला आपल्याकडे कोणी धजत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या बाजारात हळदीचे ढीग लागतात, तिच्यावर कितीतरी घरं उभी आहेत. तिचा मला अभिमान आहे. पण फोडणीतली चिमूट वेगळी आणि ‘किडनी साफ होते’ म्हणून रोज दुधातून चमचा-चमचा घेणं, गोळ्या घेणं वेगळं. हळदीत ऑक्सलेट असतं. मोठ्या मात्रेनं ती घेतल्यावर लघवीतलं ऑक्सलेट वाढतं हे अभ्यासात दिसलंय, आणि तशा सवयीनं किडनीला इजा झालेले पेशंटही डॉक्टरांनी नोंदवलेत. आपण जे पिकवतो ते औषधच असलं पाहिजे असं नाही. मसाला म्हणून त्याचा मान पुरेसा आहे.

भाऊजी : मग आता कामाचं बोलू. तुमची रीत चांगली, पण ती कोण करणार? उघड्या पातेल्यात डाळ शिजायला गॅस किती जातो? आणि आपलं बोअरचं पाणी. जड पाण्यात तूर लवकर शिजत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून बायका चिमूटभर खायचा सोडा टाकतात. सोडा म्हणजे पुन्हा सोडियम. कुकर लावला तर डाळ शिजते, पण पाणी आतच जिरतं, कट निघत नाही. हळद काढणीच्या दिवसांत तुम्ही पहाटे शेतावर असता. त्या दिवसांत कोण डाळ भिजवणार, कोण निथळणार, कोण रेघेपर्यंत मोजणार? मला एक गोष्ट नेहमी खटकते. ‘घरच्या घरी पथ्य’ म्हणतात, तेव्हा त्या घराचा अर्थ एक बाईच असतो. दादा आजारी पडले आणि शिक्षा तुम्हाला झाली, हे मी बघतोय. मी ‘बंद करा’ म्हणतो त्यात हेही एक कारण आहे. नाही शिजवायचं म्हटलं की निदान काम तरी वाढत नाही.

वहिनी : तुम्ही हे बोललात, बरं वाटलं. पण माझं काम कमी व्हावं म्हणून यांनी कोरडी भाकरी खावी, हा तोडगा नाही. तोडगा असा आहे. रात्री डाळ भिजत घालायची, ते झोपताना कोणीही करू शकतं. तुम्हीसुद्धा. डाळ शिजवण्यापुरतं जारचं पाणी घ्यायचं. ते मऊ असतं, सोडा लागत नाही. सकाळी दहा मिनिटं उघड्यावर सणसणीत उकळी, ते पाणी निथळायचं, ताजं पाणी घालून मग कुकर. पूर्ण कट काढल्याइतकं पोटॅशियम यानं जात नाही हे मला ठाऊक आहे. मग त्या दिवशी तूर न घेता मसूर घ्यायची. मसूर डाळीत पोटॅशियम तुरीच्या साधारण निम्मं असतं, शिजतेही पटकन. आमच्या सासूबाई चातुर्मासात घरात मसूर येऊ देत नाहीत, तेवढे महिने मी तुरीवरच भागवते. हे सगळं जुळवत जुळवत चालतं. पुस्तकातल्या रीतीला एवढी लवचीकता लागते, नाहीतर ती कोणाच्याच घरात टिकत नाही.

भाऊजी : जुळवत जुळवत म्हणता, पण पोटॅशियम जुळवून घेत नाही. आज किती निघालं, हे पातेल्याकडे बघून कळतं का? डाळ किती जुनी, पाणी किती, उकळी किती वेळ, यावर सगळं बदलतं. प्रयोगशाळेत मोजलेलं आणि आपल्या चुलीवरचं एक नसतं. माझी खरी भीती ही की कट काढला या समाधानात माणूस दुसरीकडे सैल होतो. ‘वरण तर पथ्याचं आहे’ म्हणून वर केळ खाल्लं, अंबाडीची भाजी खाल्ली.

वहिनी : ही भीती मलाही आहे. पण तुम्ही सगळ्या पोटॅशियमला एकाच काट्यात तोलता. आता अभ्यासक म्हणतात की वनस्पतींतून येणारं आणि पाकिटबंद पदार्थांत मिसळलेलं सारखं धरू नका. फॉस्फरसमध्ये तर फरक ढळढळीत आहे. डाळीतला फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो. तो फोडणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात फारसं नसतं, म्हणून निम्म्याहून कमीच अंगात शिरतो. थंड पेयांत, डबाबंद पदार्थांत फॉस्फेट घालतात, ते जवळजवळ सगळं शोषलं जातं. आपल्या गावच्या पानटपरीवरची काळी थंड बाटली कोणी बंद करत नाही, डाळ मात्र पहिल्या दिवशी बंद. शिवाय डाळीच्या चोथ्यानं पोट साफ राहतं, आणि किडनी हरली की थोडं पोटॅशियम शौचावाटेही जातं. बद्धकोष्ठ झालं तर तेही थांबतं.

भाऊजी : पण शेवटच्या टप्प्यावरच्या पेशंटला ‘वनस्पतीतलं आहे, चालतं’ असं सांगू नका. तिथं थोडंही जास्त होतं.

वहिनी : नाही सांगत. टप्पा बदलला की वाटी बदलते. आणि सगळ्यात अवघड ते पुढं आहे. उद्या डायलिसिस सुरू झालं, जन आरोग्य योजनेत आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर बसावं लागलं, तर तेच डॉक्टर म्हणणार, आता प्रोटीन वाढवा. मशीन रक्तातून कचऱ्याबरोबर प्रोटीनचे घटकही ओढून नेतं, म्हणून किलोला १ ते १.२ ग्रॅम लागतं. पोटॅशियम मात्र तेव्हाही मोजायचंच. डाळ बंद केलेल्या घराला त्या दिवशी कसं सांगणार, की आता दुप्पट द्या, पण कट काढून द्या? दोन-तीन वर्षं डाळीला घाबरलेलं ते घर ऐकणार नाही. आम्हाला रीत आधीच येत असेल तर फक्त माप बदलावं लागेल.

भाऊजी : हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. म्हणजे तुम्हाला वरणापेक्षा ती रीत टिकवायची आहे. ठीक. मग माझी अट ऐका. रीत ठेवा, पण तिचा पंच रिपोर्ट असेल. रक्तातलं पोटॅशियम साडेपाचच्या वर गेलं की डॉक्टर सांगतील तोवर वरण नाही. क्रिएटिनिनबरोबर पोटॅशियम, फॉस्फरस आणि अल्ब्युमिनही बघायचं. अल्ब्युमिन घसरलं तर तुमचं म्हणणं, पोटॅशियम चढलं तर माझं.

वहिनी : रिपोर्टही चुकतो, भाऊजी. गावात रक्त काढलं, बाटली तशीच चार-सहा तास राहिली, मग गाडीनं नांदेडला गेली, तर पेशी फुटून पोटॅशियम खोटं जास्त दिसतं. तसा आकडा आला तर पुन्हा ताबडतोब तपासून घ्यावं लागतं, आणि पुन्हा तपासायचं म्हणजे एक मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं. हिंगोलीला २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्यामुळे आज ना उद्या हे जवळ येईल अशी मला आशा आहे. तोवर?

भाऊजी : तोवर चढलेला आकडा खराच धरायचा. खोटा निघाला तर चार दिवस वरण चुकलं, एवढंच. खरा असून आपण खोटा समजलो तर माणूस जातो. या दोन चुका सारख्या नाहीत.

वहिनी : त्या एका रिपोर्टपुरतं मी तुमचं ऐकेन. पण असे चार-चार दिवस वर्षात किती वेळा येतील? दर वेळी धास्तीनं वाटी काढून घेतली तर वर्षाअखेरी हे आपोआप डाळ बंदवरच येतील, कोणी न ठरवता. चढलेलं पोटॅशियम तुम्हाला आकड्यात दिसतं. झडलेला दंड मला सदरा घालताना दिसतो, तो कुठल्याही कागदावर उशिराच येतो.

भाऊजी : मग महिन्याला वजन आणि दंडाचा घेर वहीत लिहा, रिपोर्टच्या शेजारी. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर दोन्ही ठेवू आणि विचारू, किती ग्रॅम डाळ, कोणत्या आकड्यापर्यंत. ‘बंद’ किंवा ‘चालू’ हे उत्तर घेऊन उठायचं नाही.

वहिनी : आणि त्यांना वेळ नसला तर?

भाऊजी : तर आहारतज्ज्ञाचं दार शोधू. ते आपल्या तालुक्यात कुठं उघडं आहे, हे मला अजून सापडलेलं नाही.